शौकी लोणचेवाल्याची तीस सेकंदांची फिल्म

४ जानेवारी, शनिवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. वाचणारा फक्त मी, तेव्हा खरं तेच लिहायचं.

ठराव पहिला : रमजानच्या आत दुकानाची जाहिरात-फिल्म काढणे. रमजान एक मार्चला. म्हणजे आठ आठवडे. हवे तेवढे आहेत.

कारण : समोरचा लोणचेवाला, मुतवल्ली. गेल्या रमजानात त्याने फोनवर स्वतःच्या लोणच्यांची फिल्म टाकली आणि त्याची रांग औषधांच्या दुकानाला वळसा घालून गेली. आमची रांग आमच्या दारातच संपली. लोणचेवाल्याचं वर्ष म्हणजे रमजान, बाकीचे अकरा महिने नुसती तयारी. माझा मेहुणा अतिया म्हणतो, यंदाही तसंच झालं तर दुकान बंद करा, मोबाईलवाल्याला भाड्याने द्या. नुसता म्हणत नाही, परवा मोबाईलवाल्याला घेऊनच आला होता. त्याने भिंती मोजल्या.

माझी बायको इनसाफ तिथेच होती. भिंती मोजून होईपर्यंत सलगमाच्या पिंपावर हात ठेवून उभी होती. दुकान तिच्या वडिलांचं. पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे, 'अबू सरी लोणची'. पण बावीस वर्षं गल्ल्यावर मी बसतोय. तिला वाटतं, आमच्या शुब्रा भागातले लोक लोणच्यासाठी येतात. लोक माणसासाठी येतात.

ठराव दुसरा : कंपनी थंड डोक्याने निवडणे. भावनेला जागा नाही.

ठराव तिसरा (इनसाफच्या आग्रहावरून) : तलाकची शपथ घेणं बंद.

५ जानेवारी

तिसऱ्या ठरावाबद्दल. यात माझं काय चुकतं ते मला कळत नाही. गिऱ्हाईक पैसे काढतं. आपण म्हणायचं, राहू द्या हो, दुकान तुमचंच आहे. तो म्हणतो, छे छे, घ्या. आपण म्हणायचं, पैसे घेतले तर बायकोला तलाक! मग तो नोट आपल्या खिशात कोंबतो, आपण देवाची क्षमा मागत सुटे पैसे परत देतो, आणि दोघंही खूश होऊन घरी जातात. सगळा कैरो असाच चालतो. मी फक्त जरा मनापासून करतो.

इनसाफ म्हणाली, एक दिवस कोणीतरी खरं धरेल आणि मग बसाल बोंबलत. दिवसातून वीस वेळा माझा तलाक करता, एकदा तरी मला विचारता का?

आज सतरा वेळा. म्हणजे प्रगती आहे.

९ जानेवारी

कंपनी कशी निवडावी याचे दहा मुद्दे वहीत काढले. अनुभव, आधीची कामं, वेळेवर देणं, करार, आवाज, उजेड, बाकीचेही असेच महत्त्वाचे. नग्वाला दाखवले. मुलगी कॉमर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला कळायला हवं म्हणून. ती म्हणाली, बाबा, मुद्दे फार छान आहेत, तुम्ही ते पाळणार आहात का?

आजकालच्या मुलांना पद्धत म्हणजे काय ते ठाऊक नाही.

१३ जानेवारी

मोहन्देसीनला, पैसेवाल्यांच्या भागात, जाऊन आलो. मोठी कंपनी, काचेची कचेरी. सूट घातला होता. बाईंनी कॉफी दिली आणि विचारलं, तुमच्या ब्रँडची गोष्ट काय? मी सांगायला सुरुवात केली. माझं बालपण संपायच्या आत त्यांनी घड्याळ पाहिलं. मग विचारलं, जाहिरात कोणासाठी? म्हटलं, ज्याला ज्याला जीभ आहे त्या सगळ्यांसाठी. त्यांनी लिहून घेतलं. ठसा उमटला हे नक्की.

आकडा सांगितला : दोन लाख ऐंशी हजार पाउंड. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. वर म्हणाल्या, पण रमजानसाठी आता जागा नाहीच, आमच्याकडे रमजानची कामं ऑक्टोबरात संपतात. या देशात रमजानात जेवढ्या जाहिराती लागतात तेवढ्या वर्षभरात लागत नाहीत, हे मला कोणी आधी सांगायला काय झालं होतं?

निघताना कॉफीचे पैसे काढले. त्या म्हणाल्या, राहू द्या. मी दुसऱ्यांदा म्हणणार होतो, तर त्या आत निघूनही गेल्या. माणुसकी नाही. कंपनी बाद.

१९ जानेवारी

नग्वाने दोन मुली आणल्या. रीम आणि मारीना. तिच्याच कॉलेजातून गेल्या वर्षी बाहेर पडल्या, आता 'कंपनी' आहे. कचेरी कुठे, विचारलं, तर म्हणाल्या, पाठीवरच्या पिशवीत. तरी मी मन मोठं करून दुकान दाखवलं.

मारीनाने विचारलं, लोणची कोण घालतं? म्हटलं, आम्ही. ती म्हणाली, आम्ही म्हणजे कोण? हा काय प्रश्न झाला.

मग दोघी मागे गेल्या आणि तासभर इनसाफशीच बोलत बसल्या. इनसाफ तेव्हा खारं पाणी करत होती. तिची पद्धत अशी, की पिंपात कच्चं अंडं सोडायचं. बुडालं तर मीठ कमी, तरंगलं तर बरोबर. अंडं वर आलं तर त्या दोघी टाळ्या पिटायला लागल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, काका, आमची फिल्म तयार आहे. काकूंचे हात आणि ते अंडं. बोलणं काही नाही.

मी विचारलं, आणि मी?

रीम फार सभ्यपणे म्हणाली, काका, तुम्ही उजेड अडवू नका एवढंच.

दहापैकी सात मुद्दे त्यांच्या बाजूने पडतात. पण अनुभव नाही. अंड्यावर दुकान चालत नाही. बाद.

२२ जानेवारी

सापडला!

उस्ताद बहगत. तिरअत अल-बूलाकिया रस्त्यावर स्टुडिओ. लग्नाच्या फिल्मा काढतो, सगळ्या शुब्र्याची लग्नं त्याच्या कपाटात आहेत. आत शिरताच माझ्याकडे बघत राहिला. मग मला खिडकीशी उभं केलं, हनुवटी डावीकडे वळवली आणि बड्या दुकानदाराला म्हणतात तसं हळूच म्हणाला, मुअल्लिम शौकी, हा चेहरा इतकी वर्षं होता कुठे?

म्हटलं, पिंपांच्या मागे.

त्याने एका फरशीवाल्यासाठी केलेली जाहिरात दाखवली. फरशा हळूहळू खाली उतरतात, मागे शहनाया, वरून गुलाबपाकळ्या, शेवटी दोन पांढरी कबुतरं. फरशांचंच लग्न लागतंय असं वाटलं. माझे डोळे भरून आले.

दहा मुद्दे काटेकोर तपासले. करार नाही, वेळ सांगता येत नाही, उजेड म्हणजे एक दिवा. नऊ मुद्द्यांत बसत नाही. पण दहावा मुद्दा मी घरी येऊन बदलला : 'माणूस ओळखण्याची नजर'. त्यात पैकीच्या पैकी. नऊ हजारांत ठरलं.

इनसाफला सांगितलं. ती म्हणाली, बरं. लसूण सोलता सोलता आणखी म्हणाली, अबू नग्वा (नग्वाचे बाबा, म्हणजे मी), या वेळी मी अकरा पिंपं जास्त भरली आहेत. माझ्या बापाच्या दुकानात चार्जर विकलेले मला बघायचे नाहीत. एवढं लक्षात असू द्या.

मी म्हटलं, तू काळजीच करू नकोस. तिने केली असावी. झोपेपर्यंत लसूणच सोलत होती.

५ फेब्रुवारी

भाषण पूर्ण. चार पानं. सुरुवात फेरोंच्या काळात खारवलेल्या माशांपासून, मग सासरे (एक ओळ), मग मी. आरशासमोर अठरा मिनिटं लागतात. बहगत म्हणतो, तीस सेकंदांत बसायला हवं. भरभर बोलेन.

तलाक : आज अकरा वेळा.

११ फेब्रुवारी, मंगळवार. शूटिंग!

चुलतभावाचा निळा सूट घातला. इनसाफ म्हणाली, बिटाच्या पिंपाजवळ तो सूट घालून जाऊ नका. गेलो नाही. पिंपच माझ्याजवळ आलं. उजवी बाही गुलाबी झाली. बहगत म्हणाला, लग्नात चालतं.

भाषण सत्तावीस वेळा झालं. एकदा दुकानाचं नावच आठवेना. नाव वर पाटीवर होतं, पण मी पाटीखाली उभा होतो. एकदा सगळं बिनचूक झालं तर बहगतचा दिवा गेला. बाहेर गर्दी जमली. मुतवल्ली स्वतः खुर्ची घेऊन समोर येऊन बसला आणि प्रत्येक वेळी 'वाहवा' म्हणत राहिला. मेहुणा अतियाही आला होता. म्हणाला, आयत्या बिळावरचा नागोबा आता नाचूनही दाखवणार वाटतं.

दुपारी बहगतने डोक्याला हात लावला आणि म्हणाला, मुअल्लिम, भाषण सोडा. रोज करता तेच करा.

शेजारचे हाजी बयूमी गाजर-लिंबू घ्यायला आलेच होते. त्यांनी नोट काढली. आणि मग माझं मलाच कळलं नाही, इतकं ते आतून आलं. हात छातीवर. मान डावीकडे. राहू द्या हाजी, दुकान तुमचंच आहे! ते म्हणाले, घ्या हो. मी म्हणालो, पैसे घेतले तर बायकोला तलाक! त्यांनी नोट कोंबली, मी परत दिली, त्यांनी पुन्हा कोंबली, मी आभाळाकडे बघत ठेवून घेतली. गर्दीने टाळ्या वाजवल्या. बहगतने माझा गालगुच्चा घेतला.

इनसाफ दिवसभर मागे वांगी भरत होती. तिने काहीच पाहिलं नाही. कलेचं तिला वावडंच.

२५ फेब्रुवारी

फिल्म आली! शूटिंगच्या दिवशी सांगितलं होतं त्याहून सहा दिवस उशिरा, पण आली.

तीस सेकंद. शहनाई. मी. हाजी बयूमी नोट काढतात. हात छातीवर. 'राहू द्या हाजी, दुकान तुमचंच आहे! पैसे घेतले तर बायकोला तलाक!' इथे माझा चेहरा स्थिर होतो, पाकळ्या पडतात, दोन कबुतरं उडतात, खाली दुकानाचा पत्ता.

नोट कोंबाकोंबीचा भाग बहगतने काढून टाकला. तीस सेकंदांत बसत नव्हता. तो म्हणाला, कबुतरं ठेवायची की नोट ठेवायची, तुम्ही सांगा. अर्थात कबुतरं.

एकोणीस वेळा पाहिली. डाव्या बाजूने मी खरोखरच चांगला दिसतो. नग्वाने एकदा पाहिली आणि म्हणाली, बाबा, एक सांगू? म्हटलं, परीक्षा झाल्यावर सांग.

२७ फेब्रुवारी

फिल्म फोनवर टाकली. दुपारपर्यंत चाळीस हजार लोकांनी पाहिली. मुतवल्लीची गेल्या वर्षीची नऊ हजार. त्याच्या दुकानासमोरून चार वेळा गेलो. चारही वेळा त्याने उठून सलाम केला. फार गोड हसत होता. हरलेला माणूस असा मनाने मोठा होतो.

१ मार्च. पहिला रोजा. दुपारचे दोन.

घाईत लिहितोय, विक्री सुरू व्हायच्या आत. रांग! औषधांचं दुकान केव्हाच मागे पडलं, चर्चच्या फाटकापर्यंत गेली आहे! फिल्म तीन लाखांवर. इनसाफ पिशव्या भरतेय, नग्वा गाठी मारतेय. इनसाफने मघाशी बाहेर डोकावून रांग पाहिली आणि माझ्याकडे बघून हसली. किती वर्षांनी. अतियालाही फोन करून बोलावलं, म्हटलं, ये आणि आता भिंती मोज.

१ मार्च. पाच वाजता.

लिहायचं नव्हतं. पण खरं लिहीन असं पहिल्याच दिवशी लिहून बसलोय.

पहिल्या बाई दोन किलो घेऊन निघाल्या. म्हटलं, ताई, पैसे? त्या दचकल्या. म्हणाल्या, मुअल्लिम, तुमच्या बायकोचं काय होईल?

दुसरा म्हणाला, रोज्याच्या दिवशी कोणाचं घर मोडायचं पाप माझ्या माथ्यावर नको. तिसऱ्याने नोट काढली तर मागच्या चौघांनी त्याचा हात धरला : अरे काय करतोस, तिला एक मुलगी आहे! मी ओरडून सांगितलं की ती बोलण्याची रीत आहे, तुम्ही सगळेच रोज म्हणता. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, बाळा, आम्ही दोघांत म्हणतो. तू तीन लाख लोकांसमोर म्हणालास. आता तुझी लाज राखणं आमच्या हातात आहे. आणि तीन किलो कांदे घेऊन गेले.

हसत होते सगळे. कोणी फसवायला आलं नव्हतं, तेच तर. प्रत्येक जण मला दुवा देऊन पिशवी नेत होता.

दुपारच्या, अस्रच्या नमाजापर्यंत चौदा पिंपं रिकामी. मग एका पोरीने इनसाफसमोर फोन धरला : काकू, तलाक तुमचाच ना?

तिने फिल्म पाहिली. कबुतरं उडेपर्यंत पाहिली. मग ॲप्रन काढला, घडी घातली, आणि दुकानाचं दार आतून ओढून घेतलं. मी बाहेर होतो.

दाराआडून म्हणाली, अबू नग्वा, पैसे घेतलेत तर मी तुमची बायको नाही. नाही घेतलेत तर दुकान राहत नाही. चौदा पिंपांत माझा उन्हाळा, हिवाळा सगळा होता. आता तुम्हीच सांगा, काय सोडू?

मी दार ढकलून पाहिलं.

मुतवल्लीने रस्ता ओलांडून मला खुर्ची आणून दिली. बसलो.

१ मार्च. इफ्तारनंतर.

तिने मसूरचं सूप वाढलं. ताटात लोणचं नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मला भीती वाटते. लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाहीये. दुकानाची नाही. ती आत होती आणि दार बंद होतं, त्याची.

२ मार्च

इमाम शेख फर्गलींकडे गेलो. त्यांनीही फिल्म पाहिली होती. विचारलं, बायकोला सोडायची नियत होती का? म्हटलं, अल्लाची शपथ, स्वप्नातही नाही. ते म्हणाले, मग लग्न शाबूत आहे. पण शपथ ती शपथ, दहा गरजूंना जेवू घाल. आणि शौकी, त्या जिभेला पण एक महिना रोजा ठेवायला लाव.

आनंदाने धावत आलो. दारात उभं राहून रांगेला सांगितलं की सुटलो, आता पैसे द्या. रांग म्हणाली, शेखसाहेब दयाळू आहेत, पण आपण काळजी घेतलेली बरी. एकानेही पाकीट काढलं नाही. दात काढून हसत होते.

अतिया मोबाईलवाल्याला फोन लावत होता. बहगतला मी फोन केला, तर तो म्हणाला, अभिनंदन, पाच लाख झाले.

तेवढ्यात इनसाफ पुढे आली. मला वाटलं, झालं, आता चाव्या अतियाच्या हातात देणार. तिने मला गल्ल्यावरून उठवलं. नुसता हात दाखवला, मी उठलो. ती माझ्या जागेवर बसली आणि रांगेकडे बघून म्हणाली, शपथ यांनी घेतली आहे, मी नाही. हे पैसे घेणार नाहीत म्हणाले, बरोबर, हे नाही घेणार. दुकान माझ्या बापाचं आहे, पाटी वाचा. पैसे इकडे. आणि काल ज्यांनी नेलं, त्यांनीही.

मग त्या कालच्या पहिल्या बाईंनी दोन दिवसांचे पैसे गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाल्या, तुझ्या हाताला बरकत येवो गं बाई, मी याचीच वाट बघत होते. कालचे म्हातारे गृहस्थही रांगेत होते. त्यांनी तर लिहून आणलं होतं : कांदे, तीन किलो.

सूर्यास्ताच्या, मगरिबच्या बांगेपर्यंत सगळी रांग संपली. अतियाने फोन खिशात घातला आणि न सांगता पिशव्यांना गाठी मारायला बसला.

माझ्या फिल्मने शेवटी काम केलंच म्हणायचं.

९ मार्च

माझी नवी जबाबदारी : वांगी भरणे. मागे बसून. महत्त्वाचं काम आहे, विश्वासाच्या माणसालाच देतात.

दहा गरजूंना जेवू घातलं. अकरावा मुतवल्ली आला आणि म्हणाला, मीही गरजूच आहे, माझ्याकडे गिऱ्हाईक नाही. जेवायला घातलं. त्याने आमची लोणची दोनदा मागून घेतली.

तलाक : शून्य. सवय म्हणून तोंड उघडतं, मग मिटतं.

१६ मार्च

नग्वाने रीम आणि मारीनाला परत बोलावलं. मला विचारलं नाही. फिल्म झाली : इनसाफचे हात, मीठ, पाणी, अंडं. अंडं खाली जातं, थांबतं, वर येतं. शब्द नाहीत. सूचना म्हणून मी एक-दोनदा मध्ये गेलो, तर रीम म्हणाली, काका, उजेड.

शेवटी मीही आहे. नीट बघितलं तर उजव्या कोपऱ्यात एक कोपर दिसतं. गुलाबी.

२३ मार्च

अंडं नऊ लाखांवर. मी पाच लाख साठ हजारांवर थांबलो आहे. अंड्याला बहगत मिळाला असता तर कबुतर निघालं असतं.

आज एका नव्या गिऱ्हाइकाने चुकून माझ्यापुढे नोट धरली. सगळी रांग एका आवाजात ओरडली, अहो, घर मोडेल! मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. इनसाफ गल्ल्यावरून हसत होती. ते हसू बघितलं आणि हात तसेच ठेवले.

२९ मार्च, शनिवार

ईद उद्या-परवावर आली. बहिणीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून भरल्या वांग्यांची बरणी घेतली. मीच भरलेली. रांगेत उभा राहिलो, कारण आता गल्ल्याचा नियम तसा आहे. पाळी आली. चारचौघांत शोभावं म्हणून खिशात हात घातला आणि विचारलं, किती झाले?

मागे पंधरा माणसं कान देऊन उभी होती. इनसाफने माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत राहिलो. एवढंच म्हणायचं होतं तिने, राहू द्या हो, दुकान तुमचंच आहे.

ती म्हणाली, पंच्याऐंशी पाउंड. सुटे द्या.